माणसाला पद्मश्री, माचाला पार्किंग

25 जानेवारी 2024 ला पद्म पुरस्कारांची यादी आली आणि उज्जैनच्या वाट्याला दोन पद्मश्री आल्या. एक विद्वान भगवतीलाल राजपुरोहित यांना, दुसरी माच, म्हणजे माळव्यातलं रात्रभराचं संगीतनाट्य, करणारे ओमप्रकाश शर्मा यांना. गावाला आनंद झाला, व्हायलाच हवा होता. शर्माजींचे आजोबा उस्ताद कालूराम यांचा दौलतगंजात माचाचा आखाडा होता, वडिलांनी तो पुढे चालवला आणि नातवानं सात दशकं त्यात घालवली. पुरस्कार योग्य हातात पडला, त्याबद्दल दुमत नाही. माझं म्हणणं आखाड्यांबद्दल आहे. जुन्या उज्जैनातल्या ज्या चौकांनी अशी माणसं घडवली, ते चौक कुणाच्या हिशेबात आहेत का?

मी विम्याचा एजंट. कला-बिला माझा प्रांत नाही. पण सगळं आयुष्य या गल्ल्यांतून हप्ते गोळा करण्यात गेलं. कुणाच्या घरात खाणारी तोंडं किती, कुणाची वाटणी झाली, कुणाचा मुलगा इंदूरला गेला तो परतलाच नाही, हे एजंटाला शेजाऱ्याआधी कळतं. माचावर अभ्यासकांनी चांगलं लिहून ठेवलंय, श्याम परमारांपासून. त्यांत रंगत आहे, छंद आहेत, राजस्थानच्या ख्यालाशी नातं आहे. पण माच, म्हणजे खेळाचा मंच, बांधायला बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, कुणी आणल्या, पन्नास माणसांना रात्री जेवायला कुणी घातलं आणि हे सगळं कोणत्या पिढीत झेपेनासं झालं, हे त्यांत सापडत नाही. म्हणून हा लेख जमाखर्चाच्या बाजूनं.

मराठी वाचकाला माळवा माहीत झाला तो कुमार गंधर्वांमुळे. 1948 साली आजारी अवस्थेत ते देवासला आले, अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेरून जाणाऱ्या बायाबापड्यांची गाणी ऐकत राहिले आणि पुढे ती मैफलीत आणली. तेव्हापासून माळव्याचं लोकसंगीत म्हटलं की आपल्याला देवासची टेकडी आणि कबीराची भजनं आठवतात. तिथून 35-40 किलोमीटरवरच्या उज्जैनात त्याच मातीतलं रात्रभराचं संगीतनाट्य चालत होतं, त्याचं नावही पुण्या-मुंबईत फारसं पोचलं नाही. वास्तविक आपल्याला ते चटकन कळावं. तमाशात गण आणि गौळण, तसे माचात आधी भिश्ती आणि फर्रासन येतात. भिश्ती पखालीतून पाणी शिंपडल्याचा अभिनय करत गातो, फर्रासन जाजम अंथरल्याचा, मग चोपदार ललकारतो आणि खेळ सुरू होतो. सोंगाड्याची जागा शेरमारखाँ घेतो. राजाला सल्ला देता देता तो राजाचीच टिंगल करतो आणि प्रेक्षकांत बसलेल्या सावकाराचीही. शिवाय आपल्या शाहिरांचा जो कलगी-तुऱ्याचा झगडा, तोच इथे तुर्रा-कलगी म्हणून गाजला आणि माच त्याच्याच अंगणात वाढला. म्हणजे चुलत घराणं म्हणायला हरकत नाही.

माचाची सुरुवात भागसीपुऱ्यातल्या गोपालजी गुरूंपासून मानतात. पण माच मोहल्ल्या-मोहल्ल्यात का पसरला, याचं उत्तर एका अपमानाच्या गोष्टीत आहे. जयसिंगपुऱ्याचे बालमुकुंद गुरू तरुणपणी भागसीपुऱ्यात माच बघायला गेले. तिथे बसण्याच्या जागेवरून त्यांचा पाणउतारा झाला. तडक उठून घरी आले आणि भैरवाची उपासना करून स्वतः खेळ रचायला लागले. जयसिंगपुऱ्यात त्यांनी आपला माच उभा केला. पुढे ते माचावर गात असतानाच गेले, अशीही आख्यायिका आहे. गोष्टीत खरं किती आणि मागाहून चिकटलेलं किती, ते सोडा. मला त्यातला व्यवहार महत्त्वाचा वाटतो. एका माणसाला जागा नाकारली गेली, म्हणून त्यानं आपली जागा केली. माचाचा विस्तार असाच झाला. गुरूगणिक आखाडा, आखाड्यागणिक मोहल्ला, आणि प्रत्येकाला शेजारच्यापेक्षा अर्धा हात उंच माच बांधायची हौस.

भैरवाचं नाव निघालं म्हणून माझ्या गावाबद्दल दोन शब्द. मी भैरवगढचा. क्षिप्रेच्या काठी काळभैरवाचं देऊळ, थोड्या अंतरावर सिद्धवट, आणि मध्ये मध्यवर्ती तुरुंग. वडील त्या तुरुंगाच्या कचेरीत कारकून होते, म्हणून आमचं मराठी घर इथे रुजलं. काळभैरवाला शिंद्यांची पगडी चढते हे मराठी यात्रेकरूंना मोठ्या अभिमानाचं वाटतं. महादजींनी पानिपतानंतर आपली पगडी देवापुढे ठेवली होती, असं पुजारी सांगतात. 1810 मध्ये शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला गेली आणि उज्जैनातला मराठी दरबार उठला, पण माणसं मागे राहिली. आमच्यासारखी नंतरही आली. आम्ही घरात मराठी बोलायचो, दारात माळवी, आणि फाल्गुन आला की माचातल्या राण्यांच्या तोंडच्या ओळी म्हणायचो. त्यांना 'बोल' म्हणतात. माचात साधं बोलणं जवळजवळ नसतंच. राजा रागावला तरी गातो, चोर पळाला तरी गात पळतो.

माचाचं सगळं गणित होळीच्या आसपासचं. आधी मुहूर्त बघून खांब रोवायचा. जिथे माच बांधायचा तिथे एक खांब पुरून पूजा करायची, की मोहल्ल्याला कळलं, यंदा खेळ आहे. मग तालमी. मग बल्ल्या, फळ्या, दोरखंड. माच माणसाच्या डोक्यावरून उंच असायचा, बाजूंनी उघडा, कारण बघणारे फक्त समोर नसायचे. ओटे, गच्च्या, सज्जे, झाडंसुद्धा भरलेली असायची. उंचीला नुसती हौस हे कारण नव्हतं. गाणारा उंचावर असला की आवाज डोक्यांवरून जातो. त्यात टेकिये, म्हणजे मागे उभे राहून धरणारे साथीदार. नटानं ओळ म्हटली की ते तीच टेक खणखणीत उचलायचे, ढोलक घुमायची, आणि चौकाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या म्हातारीलाही शब्द न् शब्द कळायचा. विजेच्या कर्ण्याशिवाय हजारभर माणसांपर्यंत आवाज पोचवायची ही पद्धत होती. हे लक्षात ठेवा, पुढे कायद्याच्या गोष्टीत लागेल.

लहानपणी मी पाहिलेला एक भरथरी अजून डोळ्यांपुढे आहे. राजा भरथरीची गोष्ट उज्जैनला परकी नाही. त्याची गुंफा भैरवगढपासून जवळच, क्षिप्रेच्या वळणावर. राणी पिंगळेचं काम करणारा माणूस दिवसा शिलाईचं दुकान चालवायचा, माझ्या वडिलांच्या विजारी तोच शिवायचा. डोक्यावरून घुंगट, हातात रुमाल, आणि आवाज असा की पहाटे तीनला पेंगणारा चौक खडबडून जागा व्हावा. थंडीनं ढोलकीची पुडी उतरली की शेगडीवर धरून तापवायचे, तेवढ्या वेळात शेरमारखाँ लोकांना हसवून घ्यायचा. राजानं जोग घेतला तेव्हा पूर्वेला फटफटायला लागलं होतं. तो उजेड काही योगायोगानं आलेला नव्हता. खेळ रचणाऱ्यानं रात्रीचा अंदाज घेऊनच वैराग्य पहाटेला ठेवलं होतं. आज तोच खेळ सभागृहात संध्याकाळी सातला सुरू होतो आणि साडेआठला राजा जोगी होतो. बाहेर आइस्क्रीमच्या गाड्या उभ्या असतात.

आता जमाखर्च. माचाला तिकीट नव्हतं. हे वाक्य अभ्यासक कौतुकानं लिहितात, लोककला जनतेची होती वगैरे. तिकीट नव्हतं म्हणजे खर्च नव्हता असं नाही. तो एका घराच्या माथी होता. गुरूच्या घरात किंवा आखाडा सांभाळणाऱ्या घरात पोशाखांच्या पेट्या, तिथेच तालीम, बाहेरगावच्या कलावंतांची पथारी तिथेच. मोहल्ला वर्गणी द्यायचा, कुणी शेठ लाकूड पाठवायचा, कुणी तेल-बत्तीचं बघायचा. उरलेलं घरानं भरायचं आणि त्याची वाच्यता करायची नाही. बदल्यात काय? मान. होळीत घराच्या ओटीवर चार प्रतिष्ठित येऊन बसायचे, लग्नाच्या बैठकीत 'माचवाल्यांचं घर' म्हटलं की मुलीकडचे होकार द्यायचे.

अशा एका घरी मी वर्षानुवर्षं हप्ता घ्यायला जायचो. तिथल्या काकीजी, घरातली थोरली सून. एकदा त्यांना म्हटलं, "काकीजी, तुम्ही तर मोठमोठे खेळ पाहिले असतील." त्या हसल्या. म्हणाल्या, "भैया, माच पुरुषांनी पाहिला. आम्ही माचाच्या पुऱ्या पाहिल्या." एका रात्रीला कणकेच्या किती परातींचा उठाव व्हायचा, हे त्या बोटांवर मोजून सांगायच्या. माचावर स्त्रीचं काम पुरुष करायचे हे सगळ्यांना माहीत असतं. माच चालायचा तो घरातल्या बायकांच्या फुकटच्या रात्रपाळीवर, हे कोणत्या परिसंवादात ऐकलं नाही. मग त्या घरच्या पुढच्या सुना शिकलेल्या आल्या, एक शाळेत नोकरीला लागली. मार्चमध्ये परीक्षा, आणि होळीला पन्नास माणसांचा स्वयंपाक? त्यांनी नकार दिला आणि बरोबरच केलं. त्या वर्षी त्या घरचा माच एका रात्रीवर आला. पुढे तोही गेला.

म्हणून 'टीव्ही आला आणि माच मेला' हे मला पटत नाही. टीव्ही सगळ्या देशात आला आणि नवरात्रातले गरबे दुप्पट झाले. माच ओसरला, कारण ज्या घरांनी तो फुकट पेलला त्यांना तो पेलवेना, आणि भार उचलायला दुसरं कुणी आलं नाही. त्यात घरांचाही दोष आहे, तो झाकून चालणार नाही. घराण्यानं माच वाढवला आणि घराण्याच्या उंबऱ्यातच तो अडकला. खेळ हातानं लिहिलेल्या वह्यांत. वह्या लाल फडक्यात बांधून देवघरात. बाहेरच्याला दाखवायच्या नाहीत, कारण उद्या शेजारचा आखाडा तोच बोल उचलेल. बालमुकुंद गुरूंचे खेळ छापले गेले म्हणून टिकले. जे नाहीत छापले, त्यांचं काय झालं त्याचा एक नमुना सांगतो. माझ्या ओळखीतल्या एका घरात भावाभावांची वाटणी झाली. भांडी वाटली, खोल्या वाटल्या, मग वह्यांचा बस्ता सोडला आणि वह्याही वाटल्या. एका खेळाच्या दोन वह्या होत्या. पहिली थोरल्याकडे राहिली, दुसरी धाकट्यानं इंदूरला नेली. धाकट्याचं घर तळमजल्यावर, भिंतीला ओल. दोन पावसाळ्यांत वाळवीनं दुसरी वही संपवली. आता त्या खेळात राजा शिकारीला जातो आणि परत येतच नाही. हे मी विनोद म्हणून सांगत नाही, पण तिथले लोक विनोद म्हणूनच सांगतात.

आपल्याकडे, मुंबईत, याच्या उलट गोष्ट घडली आहे, ती शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. लालबागचं हनुमान थिएटर. नेरळे कुटुंबानं चालवलेलं तमाशाचं थिएटर, मधुकर नेरळ्यांचं नाव तमाशाच्या मंडळींत आजही आदरानं घेतात. तिथे तिकीट होतं. गिरणी कामगार पाळी सुटली की यायचा, खिशातले पैसे मोजून आत शिरायचा. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले पुष्कळ पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरणगावाचा खिसा रिकामा झाला तसं थिएटर रिकामं झालं. नव्वदीत ते बंद पडलं. तिथे कुणाचा मान-अपमान नव्हता, सरळ धंद्याचं गणित होतं. प्रेक्षक गेला, धंदा गेला. कुटुंबानं शेवटपर्यंत तग धरला तरी खुर्चीत माणूस पाहिजे.

उज्जैनात प्रेक्षक कुठेच गेलेला नाही. उलट वाढलाय. ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाल मंदिराभोवती महाकाल लोक झालं तेव्हापासून गावात पाय ठेवायला जागा नाही. मोहल्ल्यातली माणसंही बहुतेक तिथेच आहेत. हनुमान थिएटरला वाचवायला गिरण्या परत आणाव्या लागल्या असत्या. माचाला फक्त एक चौक आणि एक रात्र लागते. नेमक्या त्याच दोन गोष्टी आता मिळत नाहीत.

चौकाचं सांगतो. महाकालच्या आसपासच्या मोहल्ल्यांत घरांची गेस्ट हाऊस झाली. मी कुणाला बोल लावणार नाही. ज्या घरानं तीन पिढ्या फुकट पुऱ्या तळल्या, त्या घरानं आता खोलीमागे भाडं घेतलं तर कोणत्या तोंडानं नावं ठेवायची? पण गेस्ट हाऊस झालं की गाड्या आल्या, आणि गाड्या चौकात लागल्या. ज्या जागी खांब रोवायचे तिथे फरशी बसली, फरशीवर पांढरे पट्टे मारले. शनिवार-रविवारी तर ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही पाय दुमडून घ्यावे लागतात, पलीकडून पुण्याच्या पासिंगची गाडी मागे येत असते. फाल्गुनात एका रात्रीपुरत्या गाड्या हलवा म्हणून कुणाला सांगणार? आखाड्याच्या नावावर जागा नव्हतीच कधी. चौक मोहल्ल्याचा, म्हणजे महानगरपालिकेचा, म्हणजे ज्याची गाडी आधी येईल त्याचा.

आणि रात्र. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर नको. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, सणासुदीला, राज्य सरकार बाराची सूट देऊ शकतं. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे कडक केलं. डीजेच्या भिंतींनी हैराण झालेल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्याला हा कायदा देवासारखा वाटतो, तो सैल करा असं मी म्हणणार नाही. पण 2010 च्या दुरुस्तीत लाऊडस्पीकरच्या जोडीला वाद्यंही आली. म्हणजे कर्णा न लावता ढोलक आणि सारंगी घेऊन बसलेला माच हाही दहानंतर गुन्हा. बाराची सूट मिळाली तरी माचाला तिचा उपयोग नाही, बारा वाजता तर राजाची शिकार सुरू होते. महाराष्ट्रातले तमाशाचे फड दहाच्या मर्यादेनं हवालदिल झालेत, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्यांचा वग आखडला. इथे माच आखडला. बंद सभागृहाला मात्र मोकळीक आहे, म्हणून माच सभागृहात गेला आणि तिथे त्याला दीड-दोन तासांचा वेळ मिळाला, दिव्यांसकट आणि निवेदकासकट. सभागृहातला माच वाईट असतो असं नाही. आता स्त्रियाही माचावर उभ्या राहतात, आणि काकीजींच्या घरची नात एखाद्या दिवशी राणी झाली तर मला आनंदच आहे. शर्माजींनी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात आणि भोपाळच्या भारत भवनात मुलांना शिकवलं, संस्कृत नाटकं माचाच्या अंगानं बसवली, हे काम लहान नाही. त्याआधी सिद्धेश्वर सेन यांनी माचाला नवं लेखन दिलं. पण सभागृहात पेंगणारा प्रेक्षक नसतो, सज्ज्यावरून टोमणा मारणारी आत्या नसते, शेरमारखाँ ज्याची टर उडवेल असा ओळखीचा सावकार पहिल्या रांगेत नसतो. पहिल्या रांगेत कलेक्टर असतात, आणि त्यांची टर उडवायची पद्धत अजून पडलेली नाही.

भैरवगढच्या छिप्यांकडे बघितलं की फरक कळतो. आमच्या गल्लीत मेणाचा वास बारमाही. बाटिकची छपाई करणारी घरं, बाप मेण लावतोय, मुलगा रंगात बुडवतोय. तेही घरच्या घरी चालणारं काम, तेही पिढीजात. 2023 मध्ये उज्जैनच्या बाटिकला भौगोलिक मानांकन मिळालं. कापडाला हे जमतं, कारण घडी घालून ते मुंबईच्या प्रदर्शनात नेता येतं, किंमतीची चिठ्ठी लावता येते. सरकारला घडी घालता येणाऱ्या गोष्टी आवडतात. पुरस्कार माणसाला देता येतो, कारण माणूस दिल्लीला जाऊ शकतो. चौक जाऊ शकत नाही. रात्र तर मुळीच नाही.

एका जुन्या टेकियाला मी विचारलं होतं, आता वय झालंय पण आवाज आहे, मग मोहल्ल्यात एखादा खेळ का नाही करत? तो म्हणाला, "साब, मनख तो ले आवां, रात काँ से लावां?" माणसं तर आणू, रात्र कुठून आणायची. त्याला नियमाचा क्रमांक माहीत नव्हता. ठाण्यातून आलेला शिपाई माहीत होता.

2028 ला सिंहस्थ आहे. रस्ते रुंद होत आहेत, घाट बांधले जात आहेत, कामांच्या याद्या रोज वर्तमानपत्रात येतात. सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी मोठे मंडप पडतील आणि त्यातल्या एखाद्यात माचाला सव्वा तास मिळेल, याची मला खात्री आहे. तो घ्यावा, कलावंतांना मानधन मिळतं. पण प्रशासनाकडे माझी मागणी वेगळी आणि स्वस्त आहे. भागसीपुरा, जयसिंगपुरा, दौलतगंज या तीन मोहल्ल्यांत प्रत्येकी एक चौक माचासाठी नोंदवून टाका, महानगरपालिकेच्या दप्तरात, नकाशासह. वर्षातली एक रात्र तिथे गाडी लागणार नाही, एवढंच. आखाड्याच्या घराला त्या रात्रीच्या जेवणाचा आणि बल्ल्यांचा खर्च द्या, कलावंताच्या मानधनापासून वेगळा, घरातल्या बाईच्या नावानं. ज्या घरांत वह्या आहेत तिथे जाऊन पानापानाचे फोटो काढा आणि वही घरातच ठेवा. ती संग्रहालयात मागितली की बस्ता पुन्हा देवघरात जाईल आणि वाळवीचं फावेल. आणि केंद्राच्या नियमात, वर्षातल्या एका रात्रीचा अपवाद तारखेनिशी लिहा. लाऊडस्पीकर नाही, डीजे नाही, ढोलक, सारंगी, पेटी आणि माणसाचा गळा, दहा ते सहा. शेजाऱ्यांची हरकत आली तर सुनावणी घ्या. मी पैजेवर सांगतो, हरकत घेणारा पहिल्या तासात सज्ज्यात येऊन उभा राहील.

मराठी वाचकांनाही एक विनंती आहे. तुम्ही हजारोंनी इथे येता, महाकालची भस्मारती बघता, काळभैरवाला प्रसाद दाखवता, शिंद्यांच्या पगडीचा फोटो काढता. पुढच्या वेळी होळी-रंगपंचमीच्या सुमारास या. गेस्ट हाऊसच्या मालकाला विचारा, इथे माच कुठे बांधायचे. तो कदाचित आपल्याच दाराकडे बोट दाखवेल. आणि त्या रात्री गाडी चौकात लावू नका.